मावशींचा तिसरा डोस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयांतील कंत्राटी सफाई कामगारांच्या थकलेल्या पगाराची बातमी आपल्या दैनिकात वाचली. पगार मिळायलाच हवा. पण याच बायकांची आणखी एक थकबाकी आहे, लसीची, आणि तिच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही, म्हणून हे पत्र. मी ३१ वर्षे परिचारिका होते, शेवटची काही वर्षे वॉर्डची इन्चार्ज.

इथल्या रुग्णालयात पाच वर्षे नोकरी करून माझी भाची गेल्या वर्षी नर्स म्हणून इंग्लंडला गेली. निघण्याआधी तिच्याकडे कागद मागितले. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजारावरच्या लसीचे डोस कधी घेतले, नंतर रक्तातला टायटर, म्हणजे लसीने तयार झालेल्या संरक्षणाचे प्रमाण, किती आला, गोवर-रुबेलाचे काय, कांजिण्या झाल्या होत्या का, क्षयाची तपासणी केली का. तिच्याकडे यातला एकही कागद नव्हता. पाच वर्षे तिने रोज रुग्णांचे रक्त काढले, पण ‘तुझा टायटर किती?’ असे तिला कुणी एकदाही विचारले नाही. ती शिकलेली आहे, तिने पैसे भरून लॅब गाठली. तिच्याच वॉर्डातल्या मावशींना टायटर हा शब्दही माहीत नाही.

नियम नाही म्हणावे, तर तसेही नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये आले. हा कचरा हाताळणारे आरोग्य कर्मचारी ‘आणि इतर’ या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना आणि पुढे वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करायची, असे त्यात सरळ लिहिले आहे. जबाबदारी रुग्णालय चालवणाऱ्याची. ठेकेदाराकडे बोट दाखवून ती टळत नाही.

मग घोडे अडते कुठे? हिपॅटायटिस बीचे डोस तीन. आज पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. आमच्याकडे पहिला डोस थाटात व्हायचा, फोटोबिटो काढून. दुसऱ्याला निम्म्या जणी रात्रपाळीच्या असायच्या. तिसऱ्यापर्यंत ठेका बदललेला. बायका त्याच, झाडू तोच, वॉर्ड तोच, फक्त एप्रनवरचे नाव नवे, आणि नव्या ठेकेदाराच्या फाइलमध्ये लसीचे पान कोरे. जुनी फाइल कुठे गेली, हे विचारायला मी दोनदा कार्यालयात गेले. तिसऱ्यांदा गेले नाही, हे मात्र कबूल करते.

लहान बाळांना ही लस देशभर २०११ पासून मिळते आहे. म्हणजे आज कामाला लागणारी वीस-बावीस वर्षांची मुलगीसुद्धा बहुधा तिच्याशिवायच वाढलेली. पन्नाशीच्या मावशींचा तर प्रश्नच नाही.

आमच्या वॉर्डातल्या एका मावशीची गोष्ट सांगते. सुया टोचून बाहेर येणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यातच टाकायच्या, हे रुग्णालयात सगळ्यांना पाठ असते. तरी कुणीतरी घाईत एक सुई पिवळ्या पिशवीत टाकली आणि पिशवीचे तोंड बांधताना ती मावशीच्या अंगठ्यात गेली. मावशीने अंगठा दाबून दाबून रक्त काढले, स्पिरिट ओतले, चिंधी बांधली आणि पुढची खोली पुसायला घेतली. मला कळले आठव्या दिवशी, तेही तिच्या सोबतिणीकडून. अशा वेळी जखम पिळायची नसते, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरायची असते, हे तिला कधी कुणी सांगितलेच नव्हते. एचआयव्ही टाळण्यासाठीची औषधे शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत सुरू करावी लागतात. ती वेळ टळून गेली होती. लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बीसाठी जे वेगळे इंजेक्शन देतात, तेही चोवीस तासांत दिलेले बरे आणि सात दिवसांनंतर त्याचा भरवसा नाही. सुई कुणाची होती, हे शेवटपर्यंत कळले नाही. सहा महिने ती दर तपासणीला जीव मुठीत धरून जायची. नशिबाने काही निघाले नाही. वर्षाच्या अहवालात त्या वर्षीचे अपघात किती? शून्य.

लोक एचआयव्हीला घाबरतात. दूषित सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याचा धोका हजारात तीनच्या आसपास. हिपॅटायटिस बीचा धोका, रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असेल आणि टोचलेल्याने लस घेतलेली नसेल, तर शंभरात तीसपर्यंत जातो. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो. आणि यातला ज्याचा धोका मोठा, लस नेमकी त्याच्यावर आहे.

आता फिटनेस सर्टिफिकेटविषयी. आमच्याकडे वर्षातून एकदा बायका रांगेत उभ्या राहायच्या. वजन, बीपी, पाठीला स्टेथोस्कोप, शिक्का. फिट, फिट, फिट. दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का, हेसुद्धा कुणी विचारत नसे, तेही क्षयाच्या वॉर्डात राबणाऱ्या बाईला! लहानपणी क्षयाची बीसीजी लस टोचली आहे, एवढ्यावर मोठेपणी निर्धास्त राहता येत नाही.

पण रक्ततपासणी सुरू करा म्हटले, की बायकाच बिचकतात. त्यांचे चुकत नाही. एकीच्या रक्तात हिपॅटायटिस बी सापडला आणि पुढच्या महिन्यात तिचे नाव हजेरीपटावरून गेले. कारण लिहिलेले नव्हते. तेव्हापासून तपासणीचा दिवस आला की चार-पाच जणींना हमखास गावी जावे लागे. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी चाचणीची अट घालायला मनाई केली आहे. हिपॅटायटिस बीच्या बाबतीतही निदान एवढी समज हवी, की फरशी पुसणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या बाईपासून रुग्णाला तो होत नाही. पोटात हात घालून शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी वेगळे नियम असावेत. मावशीला मात्र उपचार द्या आणि कामावर ठेवा. तपासणी म्हणजे घरी पाठवण्याचे निमित्त, असे एकदा वाटले की खरे कोण सांगेल?

माझे म्हणणे एवढेच, की लसीची नोंद ठेकेदाराच्या फाइलमध्ये नको, मावशीच्या पिशवीत हवी. बाळाचे असते तसे जाड कार्ड, प्लास्टिकच्या पाकिटात, त्यावर तीन तारखा आणि टायटर. ठेका बदलला तरी कार्ड तिच्यासोबत जाईल. रुग्णालयाच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणीला येणाऱ्यांनी कागदांच्या आधी वॉर्डात जावे आणि समोर दिसेल त्या पहिल्या मावशीचे कार्ड मागावे.

जाता जाता एक गोष्ट, आपल्या वाचकांत कुणी मावशी, वॉर्डबॉय किंवा त्यांची मुले असतील तर त्यांच्यासाठी. दुसरा डोस घेऊन वर्ष, दोन वर्षे उलटली असली, तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही, राहिलेला तेवढा घ्यायचा. तो दंडातच घ्यायचा. सवयीने कुणी कमरेत टोचायला निघाली तर तिला थांबवा, तिथे ही लस नीट लागू पडत नाही. आणि महिना-दोन महिन्यांनी टायटर करून घ्या. तो दहाच्या वर हवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज