कोलबाडच्या काकांना, चार टायरांबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला आले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि काकूंना चहा टाकायला सांगता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे तरी तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

बाबा गेल्यापासून त्यांची जिप्सी दोन पावसाळे पार्किंगमध्ये उभी होती. मुरबाडच्या शेतावर जायला त्यांनी तिला २३५/७५, १५ इंची, जाड गोट्यांचे चिखलातले टायर घातले होते. भरलेली हवा चार दिवसांत उतरायची, कारण डिस्कची, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या लोखंडी चाकाची, कड आतून गंजली होती. ती साफ करायची तर आधी टायर उतरायला हवा, आणि तो काही केल्या सुटत नव्हता. एका दुकानात मशीनची पट्टी दोनदा घसरली. दुसऱ्या दुकानात ग्राइंडरने कापून काढू म्हणाले, वर डिस्कला लागलं तर जबाबदारी माझी. मी चाकं तशीच घरी आणली आणि त्या शनिवारी स्वतःच हातोडा आणि पहार घेऊन बसले. आवाज ऐकून तुम्ही खाली आलात. तुमचं पहिलं वाक्य होतं, "हातोडा खाली ठेव."

दुसरं वाक्य, "हवा पूर्ण गेलीय का?" मी हो म्हटलं. तरी तुम्ही व्हॉल्व्हची पिन काढायला लावलीत आणि भोकातून बारीक तार घालून बघितलीत. खोपटच्या एसटी डेपोत टायर सेक्शनला उभी नोकरी काढलेला माणूस असंच करणार. जुन्या बसच्या डिस्कला वेगळी रिंग असायची आणि आत हवा राहिली तर ती उडून माणसाच्या अंगावर यायची, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलंत. आमच्या डिस्कला तसली रिंग नाही, पण तार घालायची सवय आता मलाही लागली आहे.

मग टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचलेत: २३११. म्हणजे २०११ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. "टायर भंगारात गेला तरी चालेल, डिस्कच्या कडेला ओरखडा नको. ट्यूबलेसची हवा त्याच कडेवर अडते." मी तर तासभर त्याच कडेवर घाव घालत होते, काका.

काढलेल्या चाकाच्या जागी स्टेपनी चढवून गाडी चार चाकांवर उभी केली, हँडब्रेक ओढला, चाकांना विटा लावल्या. काढलेलं चाक चॅसीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली, आडवं सरकवलं. टायरवर, अगदी डिस्कलगत लाकडी फळी, फळीवर बॉटल जॅक आणि जॅकचं डोकं चॅसीला. जिप्सी जेमतेम टनभराची, पण तेवढं वजन त्या एका जागी आलं की पुरतं. साबणाचं पाणी कडेला ओतून थांबायचं. ग्रीस-डिझेलला तुम्ही हात लावू दिला नाहीत, रबर फुगतं म्हणून. दोन जागी काहीच हललं नाही. गाडीच दोन बोटं वर उचलली गेली. तिसऱ्या जागी जॅक लावला आणि "खट्" झालं. टायरची कड खाली घसरली, तांबडं पाणी वाहिलं आणि मागोमाग वाळलेल्या चिखलाची खपली निघाली. तिच्यात भाताच्या काडीचा तुकडा होता. आमच्या खाचरातला चिखल, बाबांच्या शेवटच्या फेरीतला. मी ती खपली हातात धरून बसले. तुम्ही काही बोलला नाहीत, जॅक सैल करून बाजूला उभे राहिलात. त्याबद्दलही आभार.

खरी शिकवणी त्यानंतरची. डिस्कच्या पोटात खोलगट पन्हळ असते आणि ती एका तोंडाला जवळ असते. ते तोंड वर ठेवायचं, टायरच्या दोन्ही कडा त्याच बाजूने काढायच्या. कडेच्या आत पोलादी तारांचं कडं असतं, ते ताणलं जात नाही. म्हणून समोरची बाजू गुडघ्याने पन्हळीत दाबून ठेवली, तरच अलीकडे टामी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) लावायला ढील मिळते. मी नुसता जोर लावत होते. तुम्ही माझा गुडघा एक वीत पुढे सरकवायला लावलात आणि तीच टामी एका हाताने फिरली. पहिल्या चाकाला चार तास लागले, शेवटच्याला चाळीस मिनिटं. तुमचा हात एकदाही टामीला लागला नाही, सगळं माझ्याकडून करून घेतलंत. दुकानात मला कुणी "बाजूला व्हा मॅडम" याशिवाय काही म्हटलं नव्हतं.

तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड, वर रंग, नवे व्हॉल्व्ह. नवे टायर चढवताना तुम्ही दुकानात उभे राहिलात आणि टायरची कड डिस्कवर बसवायला ४० पीएसआयच्या वर हवा जाऊ दिली नाहीत. एक टायर बसेना तेव्हा हवा सोडून, पुन्हा साबण लावून बसवायला लावलात. त्याला बावीस दिवस झाले. आज सकाळी गेज लावला, चारही चाकांत भरली होती तेवढीच हवा आहे.

तुमच्या दोन टाम्या आणि फळी अजून माझ्याकडेच आहेत, पुसून ठेवल्यात. रविवारी आणून देते. आणि लावणीच्या दिवसांत मुरबाडला निघाले की पुढची सीट तुमची, काकूंनाही सांगून ठेवा.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची