नव्या गाडीतील कुबट वास आणि हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणेतील बिघाडाबाबत तक्रार

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉरंटीत असलेल्या सात आसनी गाडीच्या एसीतील दोष दूर करण्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीची सात आसनी गाडी आम्ही यंदाच्या उन्हाळ्यात चिपळूणमध्ये घेतली. घरात दम्याचा त्रास असलेली आई आणि लहान मुले असल्याने मागच्या रांगेपर्यंत एसीची हवा नीट पोहोचते का, हे आम्ही शोरूममध्ये सर्वांत आधी विचारले होते. पावसाळा सुरू झाल्यापासून त्याच एसीच्या वासाने आईला खोकल्याची उबळ येते आणि आता ती गाडीत बसायलाच नको म्हणते.

आपल्या सर्व्हिस सेंटरने प्रत्येक वेळी एकच उत्तर दिले, की नव्या गाडीला वास येतोच, काही दिवस काचा उघड्या ठेवा. या उत्तरात दोन वेगळ्या वासांची गल्लत झाली आहे. प्लास्टिक, सीटमधील फोम आणि चिकटवण्याचे द्रव्य यांतून बाहेर पडणाऱ्या वायूंचा वास उन्हात वाढतो आणि हळूहळू कमी होतो. तो आमच्याही गाडीत होता आणि आता जवळजवळ गेला आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती एसी सुरू करताच येणाऱ्या कुबट भपकाऱ्याची, जो पावसाळ्यात दिवसेंदिवस न वाळलेल्या कपड्यांसारखा येतो आणि काचा कितीही वेळ उघड्या ठेवल्या तरी दुसऱ्या दिवशी तितकाच असतो.

त्याचे कारण शोधणे अवघड नाही. हवा थंड होताना कूलिंग कॉइलवर साचणारे पाणी खालच्या ट्रेमध्ये पडून ड्रेन पाइपने गाडीखाली गळायला हवे, आणि कोकणातल्या दमट हवेत तर ते भरपूर गळते. आमच्या गाडीखालची फरशी मात्र एसी बराच वेळ चालवूनही कोरडी राहते, आणि चालकाशेजारच्या सीटपुढची रबरी मॅट उचलली की खालचे कार्पेट ओले लागते. ते हाताने दाबल्यावर त्याखालच्या जाड थरातून स्वच्छ, बिनरंगी पाणी वर येते. गाडी छपराखाली उभी असते आणि पाऊस नसलेल्या दिवशीही हे घडते, त्यामुळे ते पावसाचे पाणी नाही. रंग किंवा चिकटपणा नसल्याने इंजिन थंड ठेवणारे द्रव्य, म्हणजे कूलंटही नाही. पाइप तुंबलेला, वाकलेला किंवा निसटलेला असावा, हे यावरून दिसते. ट्रेमध्ये राहिलेल्या पाण्यात धूळ मिसळून बुरशी धरते आणि ब्लोअर तीच हवा आम्हा सर्वांच्या तोंडावर सोडतो. सर्व्हिस सेंटरने यावर केबिन फिल्टर झटकून सुगंधी फवारा मारला आणि त्याचे बिलही लावले. त्या उग्र सुगंधाने आईचा त्रास उलट वाढला.

दुसरा दोष हवेच्या झडपेचा आहे. आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबल्यावर त्यावरचा दिवा लागतो, परंतु डॅशबोर्डमागे टकटक असा आवाज होत राहतो आणि बाहेरची हवा आत येणे थांबत नाही. कुंभार्ली घाटात ट्रकमागे अडकलो की डिझेलचा धूर थेट गाडीत भरतो, आणि छतातला ब्लोअर तोच धूर मुले बसतात त्या मागच्या रांगेकडे ढकलतो. पुढच्या काचेवरचे धुके काढण्याचे बटण दाबल्यावर गाडी आपोआप बाहेरची हवा घेते, हे माहितीपुस्तिकेत लिहिले आहे आणि ते योग्यच आहे, कारण श्वासातील बाष्प आतच राहिले तर काच अधिक धुरकट होते. पण ते बटण बंद असतानाही असेच होते, याचा अर्थ झडप फिरवणारी मोटर किंवा तिची दातेरी चाके नादुरुस्त आहेत. जॉब कार्डवर हा मुद्दा मी आग्रहाने लिहवून घेतला होता. त्यापुढे ‘दोष आढळला नाही’ एवढाच शेरा आहे. घाटाचा रस्ता सोडाच, गाडी सर्व्हिस सेंटरच्या फाटकाबाहेरही नेऊन पाहिली नव्हती.

आपल्या कंपनीच्या तांत्रिक अधिकाऱ्याने माझ्यासमक्ष गाडी तपासावी; ड्रेन पाइप मोकळा करून कूलिंग कॉइल आणि ट्रे स्वच्छ करावेत; कार्पेटखालचा भिजलेला थर नुसता वाळवून न घालता बदलावा, आणि त्याखालून जाणाऱ्या वायरींच्या जोडांना गंज चढला आहे का तेही पाहावे; झडपेची मोटर वॉरंटीत बदलून द्यावी; आणि फवाऱ्याचे पैसे परत करावेत. काय बिघडले होते व काय बदलले, याचा लेखी अहवाल मला हवा आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत तपासणीची तारीख ई-मेलने कळवावी. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येत असल्याने रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. खरेदीची पावती, सर्व जॉब कार्डे, फवाऱ्याचे बिल आणि ओल्या कार्पेटची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला,
एक ग्राहक, चिपळूण