मऊ चाल आणि टिकाऊपणा या दोन्हींचा दावा करणाऱ्या रोड सायकल टायरबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
सायकल टायर उत्पादक कंपनी

विषय: २८-६२२ मापाच्या रोड टायरच्या वेष्टनावरील दिशाभूल करणारा मजकूर आणि आधीच्या तक्रारीला मिळालेले असमाधानकारक उत्तर

महोदय,

आपल्या कंपनीच्या २८-६२२ मापाच्या (२८ मिलिमीटर रुंद, ६२२ मिलिमीटर व्यासाच्या रिमसाठी), घडी घालता येणाऱ्या रोड टायरची जोडी मी विकत घेतली. त्यातल्या मागच्या टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, चिरली आणि त्याच सुमारास त्याचा मधला पट्टा सपाट होऊन झीज दाखवणारे खळगेही दिसेनासे झाले. छायाचित्रांसह तक्रार नोंदवल्यावर आपल्या विभागाकडून उत्तर आले ते असे की, ही वापरातून होणारी नैसर्गिक झीज असून ती हमीत बसत नाही आणि यापुढे टायरमध्ये नेहमी कमाल मर्यादेइतकी हवा भरावी. टायर झिजतो हे मला कोणी सांगायला नको. माझी तक्रार झिजेविषयी नाही. ज्या बांधणीमुळे टायर लवकर झिजला आणि बाजूने चिरला, तिच्याविषयी ग्राहकाला उलटी माहिती दिली गेली, ही माझी तक्रार आहे. ती पहिल्या पत्रातही याच शब्दांत होती आणि तिला आपण उत्तरच दिलेले नाही.

वेष्टनाच्या दर्शनी बाजूला ‘सुती टायरसारखी मऊ चाल’ असे मोठ्या अक्षरांत आहे, त्याखाली ‘दीर्घायुषी’ असे आहे आणि मागच्या बाजूला ‘काठापासून काठापर्यंत पंक्चर संरक्षण’ असे छापले आहे. रोड टायर थोडाफार पारखून घेणाऱ्याला ठाऊक असते की हे तिन्ही गुण एकाच टायरमध्ये पुरेपूर मिळत नाहीत. चाक फिरताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा सुटतो. दबण्यात खर्च झालेली सगळी ऊर्जा रबर आणि केसिंग (रबराखालचा कापडी सांगाडा) परत देत नाहीत, तिचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो. रबर जितके पातळ आणि केसिंगचे कापड जितके लवचीक, तितका हा तोटा कमी, आणि हाताला व बैठकीला बसणारे हादरेही कमी. उलट नक्षीखाली (रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली) अरामिड या चिवट कृत्रिम धाग्याचा पट्टा घातला, साइडवॉलवर जादा थर चढवला किंवा मधले रबर जाड ठेवले, की टायर टिकतो, पण जड होतो आणि ताठर चालतो. यात कोणत्या बाजूला किती झुकायचे, हे ज्याचे त्याने आपल्या रस्त्यांप्रमाणे ठरवायचे असते. मला मऊ टायर हवा होता आणि त्यापायी कमी आयुष्य पत्करायचीही तयारी होती. वेष्टनावर खरे ते छापले असते तर मी पुढच्या चाकाला हाच टायर घेतला असता, आणि मागे, जिथे वजन जास्त पडते आणि पेडलचा सगळा जोर रस्त्यावर उतरतो, तिथे आपल्याच कंपनीचा जाड टायर बसवला असता. तशी काही गरज नाही, असे आपल्या वेष्टनाने मला सांगितले.

चीर नक्षीच्या काठाच्या जरा खाली आहे आणि नखाएवढी लांब आहे. तिच्यातून ट्यूबचा फुगा बाहेर आला आणि तो फुटला. टायर उतरवून, उलटा करून मी आतून बोट फिरवले तेव्हा संरक्षक पट्ट्याची कड बोटाला स्पष्ट लागली. हा पट्टा केवळ नक्षीच्या मधल्या भागाखाली असून नक्षीचा काठ येण्याआधीच तो संपतो. व्हर्नियरने मोजल्यावर त्याची रुंदी १६ मिलिमीटर भरली. साइडवॉलमध्ये चिरेच्या कडांपाशी पाहिले तर रबराचा पातळ लेप आणि विस्कटलेले नायलॉनचे धागे, याखेरीज काहीही नाही. ‘काठापासून काठापर्यंत’ यातले काठ कोणते, ते आपणच कळवावे.

वेष्टनावर ‘१८० टीपीआय’ असाही आकडा आहे, म्हणजे इंचाला १८० धागे. चिरेजवळ उघडा पडलेला एक थर भिंगाखाली धरून मोजला, तर इंचाला साठच्या आसपास धागे भरतात. केसिंगचे कापड दोन्ही बीडभोवती (रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडांभोवती) वळवून नक्षीखाली एकावर एक आणले की तिथे तीन थर होतात आणि ६० च्या तीन थरांची बेरीज १८० होते. मोजण्याची ही पद्धत टायरच्या धंद्यात नवीन नाही, त्यामुळे तिला मी सरळ खोटेपणा म्हणणार नाही. मात्र मऊ चालीचा टायर शोधणारा ग्राहक १८० हा आकडा वाचतो तेव्हा त्याला एकाच थरातली बारीक वीण अभिप्रेत असते, जाड धाग्यांचे तीन थर नव्हेत. आकड्याशेजारी ‘तीन थर मिळून’ एवढे छापायला जागा कमी पडली असेल असे वाटत नाही.

आता प्रश्न उरतो तो असा, की वीण इतकी जाडी असूनही टायर मऊ कसा चालतो? तो मऊ चालतो, हे मी नाकारत नाही. पुढचा टायर आजही मनापासून आवडावा असा आहे. पण झिजलेल्या टायरची कड आणि मध्य बोटांत धरून पाहिल्यावर कारण लक्षात येते. नक्षीचे रबरच मुळात पातळ ठेवलेले आहे. म्हणजे चालीत जी सुधारणा झाली ती विणीतून आलेली नाही. ज्या रबराने टायरला आयुष्य द्यायचे तेच कमी करून ती मिळवलेली आहे, आणि वेष्टनावर मात्र दोन्ही गुण एकाखाली एक छापलेले आहेत. टायरचे २६० ग्रॅम हे छापील वजन काट्यावर बरोबर उतरले, याचे श्रेय आपल्याला देतो. पण २८ मिलिमीटरच्या टायरला २६० ग्रॅममध्ये जाड नक्षीही द्यायची आणि साइडवॉलपर्यंत संरक्षणही, हे गणित जमवणे किती अवघड आहे याची कल्पना आपल्या आरेखन विभागाला माझ्यापेक्षा नक्कीच अधिक असेल.

हवेच्या दाबाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या उत्तरातले ते वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. हवा कमी ठेवल्यामुळे नुकसान झाले, असा त्यातून सूर निघतो. हवा कमी असताना टायर खड्ड्याच्या कडेवर आदळला तर ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. माझ्या ट्यूबला तशी छिद्रे नाहीत. ती एकाच ठिकाणी, टायरच्या चिरेच्या बरोबर समोर फाटली आहे, आणि रिमलाही कुठे ठोका बसलेला नाही. मागच्या चाकात मी ५.५ बार, म्हणजे सुमारे ८० पीएसआय हवा ठेवत होतो; आपण छापलेली कमाल मर्यादा ७ बार आहे. स्वाराच्या वजनानुसार किती हवा भरावी याचा तक्ता वेष्टनात नाही. कमाल मर्यादा म्हणजे शिफारस नव्हे, हे आपल्या विभागाने ग्राहकाला समजावून सांगायला हवे. इथे उलटे झाले आहे. ७ बारला हा टायर लाकडासारखा चालेल, खडबडीत रस्त्यावर प्रत्येक उंचवटा स्वतः गिळण्याऐवजी सायकलसह स्वाराला उचलेल, आणि ज्या मऊ चालीसाठी तो घेतला तीच नाहीशी होईल.

यात सुरक्षिततेचाही मुद्दा आहे. हा टायर हुक (टायरची कड धरून ठेवणारी रिमची आत वळलेली किनार) नसलेल्या रिमवरही चालतो, असे आपण वेष्टनावर छापले आहे. अशा रिमवर रोड टायरसाठी ईटीआरटीओ या टायर व रिमची मानके ठरवणाऱ्या युरोपीय संस्थेने घातलेली कमाल मर्यादा ५ बार आहे. माझ्या रिमला हुक आहेत, म्हणून माझ्यापुरता प्रश्न मिटतो. परंतु ‘नेहमी कमाल हवा भरा’ हा सल्ला आपण हुक नसलेली रिम वापरणाऱ्या ग्राहकालाही देत असाल, तर त्याने तो पाळल्यास टायर रिमवरून निसटू शकतो. रिम कोणत्या प्रकारची आहे, हे आपल्या विभागाने मला एकदाही विचारले नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट कळवतो, जिचा मी तक्रारीत समावेश करत नाही. माझ्या २१ मिलिमीटर आतील रुंदीच्या रिमवर हा टायर २९ मिलिमीटर भरतो. रिम रुंद असली की टायरही थोडा पसरतो, त्यामुळे यात काही गैर नाही. पण २८ हे माप कोणत्या रुंदीच्या रिमवर घेतले ते छापले, तर फ्रेममध्ये मोजकीच जागा असणाऱ्यांची सोय होईल.

माझी मागणी अशी आहे की, चिरलेल्या टायरच्या बदल्यात आपण साइडवॉलला खरोखर संरक्षण असलेला त्याच मापाचा टायर द्यावा किंवा त्या टायरची पूर्ण रक्कम परत करावी. संरक्षक पट्टा कुठपर्यंत आहे आणि टीपीआयचा आकडा एका थराचा आहे की बेरजेचा, हे वेष्टनावर स्पष्ट छापावे आणि तोवर ‘काठापासून काठापर्यंत’ हे शब्द काढून टाकावेत. हवेच्या दाबाबाबत मला दिलेला सल्ला लेखी मागे घ्यावा आणि तो आणखी कोणाला दिला गेला असल्यास त्यांनाही तसे कळवावे. टायर तपासणीसाठी पाठवण्यास मी तयार आहे. मात्र तपासणीचा अहवाल मला मिळाला पाहिजे.

या पत्राचे उत्तर १५ दिवसांत, ठरावीक साच्यातला मजकूर न पाठवता, मुद्देनिहाय मिळावे. न मिळाल्यास हीच कागदपत्रे जोडून मी ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागेन.

कळावे,

आपला,
एक ग्राहक

सोबत: खरेदीच्या पावतीची प्रत, वेष्टनाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे, चिरेची व संरक्षक पट्ट्याच्या रुंदीची छायाचित्रे, फाटलेल्या ट्यूबचे छायाचित्र, आपल्या विभागाच्या उत्तराची प्रत