शर्वरीच्या रिपोर्टबद्दल

डिचोली, गोवा

प्रिय सुमन,

तुझ्या लेकीच्या, शर्वरीच्या, रक्ताच्या रिपोर्टात थॅलेसेमिया मायनर निघालं, हे कळवणाऱ्या तुझ्या पत्रातलं एक वाक्य मनातून जात नाही. थॅलेसेमिया म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक दोष. 'आमच्या घराण्यात असलं काही नव्हतंच गं.' होतं, सुमन. दिसलं नव्हतं एवढंच.

परवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पातळभाजीला सुके वाटाणे आणले आणि ते निवडताना आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल आठवला. ब्रनोच्या मठात राहणाऱ्या या माणसाने १८५६ पासून आठ वर्षं वाटाणेच लावले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या झाडांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल! सुरकुती संपलीच म्हणायची. पण त्याच दाण्यांची झाडं स्वतःशीच फळू दिली, तेव्हा ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे निघाले. म्हणजे एक पिढी ती आत गप्प बसून होती.

असल्या गुणाला पुस्तकात 'अप्रभावी' म्हणतात. शिकवताना हा शब्द मला नेहमी खटकायचा, कारण मुलांना तो दुबळा वाटतो आणि 'प्रभावी' म्हणजे चांगला. तसं नाही. हंटिंग्टनसारखा मेंदूचा भयंकर आजार प्रभावी जनुकामुळेच होतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. अप्रभावी जनुकाच्या दोन्ही प्रती एकत्र आल्या की त्याचा गुणही पुरता दिसतो.

थॅलेसेमियाचंही तसंच. शर्वरीकडे बिघडलेली एकच प्रत आहे, तुझ्याकडून किंवा भावजींकडून आलेली. दुसरी चांगली आहे. म्हणून ती थॅलेसेमिया मायनर, म्हणजे वाहक. आजारी नव्हे. हिमोग्लोबिन जरा कमी राहील, पण लोह खरंच कमी आहे का ते तपासल्याशिवाय त्या गोळ्या देत बसू नकोस. या कमीवर त्यांचा उपाय नाही.

'रक्तात दोष' म्हणून मुलाकडच्यांनी बोलणी थांबवली, हे वाचून फार वाईट वाटलं. पण त्यांनी स्वतःच्या मुलाचं रक्त तपासलंय का? सगळा प्रश्न तिथेच आहे. तो वाहक नसेल, तर मुलांना थॅलेसेमिया मेजर, म्हणजे दोन्ही प्रती बिघडल्यामुळे होणारा खरा आजार, होणार नाही. फार तर मुलं शर्वरीसारखी वाहक होऊ शकतील. दोघंही वाहक असतील, तर मात्र प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजरची, आणि त्या बाळाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एक मूल तसं झालं म्हणून पुढची तीन सुटली, असंही नसतं. प्रत्येक वेळी हिशेब नव्याने. तरीसुद्धा लग्न मोडायलाच हवं असं नाही. गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या आसपास होऊ शकते. फक्त ते आधी कळलेलं असावं.

तेव्हा मुलाची एचपीएलसी चाचणी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, करून घ्यायला सांग. साधी रक्ताची चाचणी आहे. तुला बोलायला जड जात असेल तर मी फोन करते, त्याच्या आईशी बोलते. आणि शर्वरीसमोर 'तुझ्या बाबांकडून आलं असेल' वगैरे नको गं. पोर आधीच घाबरलीय.

चवथीला दोघी इकडेच या. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणायला मला सोबत हवीच आहे.

तुझीच,
शालू