मृग लागल्यावर कूलरचं काय करायचं

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी उन्हाचं काही बोलायला लागले की बाबा विषय बदलतात आणि आई "हो गं, हो" म्हणून फोन ठेवते. म्हणून पत्रच लिहिते आहे. निदान शेवटपर्यंत वाचाल.

नवतप्याबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? २५ मेला सूर्य रोहिणीत गेला की सकाळीच बाजार उरकायचा, बाहेर पडायचं तर दुपट्टा बांधून, खिशात कांदा, घरी आलं की पन्हं. हे सगळं मी तुमच्याकडूनच शिकले. ४५-४६ तुम्ही गेली कित्येक वर्षं अंगावर घेताय. बाबांना तर २३ मे २०१३ चे ४७.९ तोंडपाठ आहेत. (२०२४ मध्ये नागपूरच्या एका केंद्रावर ५६ चा आकडा आला आणि नंतर सेन्सर बिघडल्याचं कळलं, तेव्हा बाबांचा जरा हिरमोडच झाला होता!)

माझी काळजी नवतप्याची नाही, त्यानंतरच्या पंधरवड्याची आहे. मृग लागलेला असतो, एखादी सर येऊन गेलेली असते, आभाळ भरून असतं पण धड पाऊस लागत नाही. पारा ३७-३८ वर उतरतो आणि तुम्ही दोघं म्हणता, "चला, सुटलो." मला ते ऐकून धस्स होतं. मी इतकी वर्षं ठाण्यात राहते आहे. इथे पारा ३४ चा, पण पंख्याखाली बसूनही उशी ओली होते. बाबा त्याला हसतात. जूनमध्ये नागपूरलाही तीच हवा येते, शिवाय पारा इथल्यापेक्षा तीन-चार डिग्रीने जास्त.

घाम आल्याने अंग निवत नाही, घाम वाळल्याने निवतं. एक लिटर घाम वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मे महिन्यात आपल्याकडे घाम दिसतही नाही, आला की वाळला. बाबांच्या शर्टाच्या पाठीवर फक्त मिठाचे पांढरे ओघळ उरतात. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. हनुवटीवरून फरशीवर पडलेला थेंब फुकट गेला समजा. पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा काही मिळाला नाही.

कूलरचंही तेच. ताटीवरून पाणी ओघळतं, बाहेरची कोरडी हवा त्यातून येताना पाणी वाळतं, म्हणून खोली गार. मेच्या दुपारी आपला कूलर बाहेरच्यापेक्षा बारा-पंधरा डिग्रीने गार हवा टाकतो, म्हणून तर वाळ्याची ताटी लावली की आजोबा एसीला नावं ठेवायचे. पण हवाच पाण्याने भरलेली असेल तर ताटीवरचं पाणी वाळणार कसं? मग तो फक्त ओलावा आत फेकतो. मागच्या जूनमध्ये मी आले होते तेव्हा पाहिलं ना, समोरच्या खोलीत पापडाच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं तर संध्याकाळपर्यंत पापड मऊ. चादरी दमट, कपाटाला वास, आणि आई म्हणते कूलर अजून वाढव.

तर मृगानंतर कूलरचा पंप बंद ठेवा, नुसता पंखा चालू द्या. आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. आई मांजरीच्या भीतीने ती लावून घेते. तिला जाळी बसवून घेऊ, पण खिडकी उघडी हवी. आत आलेली हवा बाहेर गेली नाही तर मे महिन्यातही कूलर निम्माच काम करतो. बाबा, तुम्ही रोज पेपरात पारा बघता, त्याच्या शेजारी आर्द्रता असते ती बघत जा. सकाळचा नाही, संध्याकाळी साडेपाचचा आकडा. तो ५०-५५ च्या वर गेला की पंप बंद, असा माझा ठोकताळा आहे.

साध्या पंख्याचं गणित उलटं आहे. ४० च्या वर कोरड्या हवेत नुसता पंखा म्हणजे अंगावर गरम झोत. दमट ३७ ला मात्र तोच कामाला येतो, कारण अंगाजवळची ओली हवा तो हलवतो. हातपाय, मान ओल्या फडक्याने पुसायची आणि पंख्याखाली बसायचं.

पंप बंद केलात की टाकी उपसून, घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाला तेवढंच साठलेलं पाणी पुरतं, आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस.

आता जरा रागावू नका. वयाप्रमाणे तहान कळेनाशी होते, हे तुम्ही मानत नाही. आई दिवसभरात किती पाणी पितेस, खरं सांग? तहान लागायची वाट न बघता दर तासाला थोडं प्या. ताक, अंबाडीचं सरबत, काहीही चालेल, पण बाबांच्या ग्लासात मीठ बेतानेच. त्यांची बीपीची गोळी लघवी वाढवणारी आहे. उन्हाळ्यात तिचं प्रमाण तेच ठेवायचं का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः गोळी बंद करायची नाही, बाबा, आधीच सांगते.

कोणी एकदम भलतंसलतं बोलायला लागलं, चालताना तोल जायला लागला, अंग तापून चटका बसण्याइतकं झालं, तर ते "जरा ऊन लागलंय" म्हणून झोपवायचं नाही. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी, वर पंखा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

वरच्या खोलीत रात्री झोपू नका. स्लॅब दिवसभर तापतो आणि पहाटेपर्यंत खाली ओकत राहतो. गच्चीला चुन्याचा हात मारून घ्या, पावसाआधी माणूस मिळेल.

राहिला एसी. तो पाहुण्यांसाठी घेतलेला नाही! एसी हवेतलं पाणी काढून घेतो, ते काम कूलरला कधीच जमणार नाही. २६-२७ वर ठेवा, सोबत पंखा लावा. पारा एका डिग्रीने वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा बचतवाले सांगतात. रात्री दोघं एकाच खोलीत झोपा. बिल माझ्या खात्यातून जातं, त्यामुळे मीटर बघायला जिना उतरू नका.

शनिवारी सकाळी सर्व्हिसिंगवाला येईल, पैसे दिलेले आहेत. आतली जाळी त्याच्याकडून तुमच्यासमोर धुवून घ्या, आणि बाहेरच्या पाइपातून पाणी नीट पडतंय का ते पाहून मला संध्याकाळी कळवा.

तुमची,
मनू