डिस्कवर खेळ किती आणि हवेत किती, हे खोक्यावर छापायला लावा

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

देवगड तालुक्यातल्या आमच्या गावात इंटरनेट बेभरवशाचे, म्हणूनच माझ्या मुलाने गणपतीत हातावर पडलेले पैसे साठवून कोल्हापूरच्या दुकानातून व्हिडिओ गेमची डिस्क आणली. डिस्क यंत्रात घालताच पडद्यावर सूचना आली, की खेळाचा उरलेला भाग, म्हणजे नव्वदहून अधिक जीबी, डाउनलोड करून घ्यावा. दुकानदार म्हणतो, सील फोडले, आता माल परत घेणार नाही. सील न फोडता आत काय नाही ते कळावे कसे, हे त्याला सांगता आले नाही. आपण तरी सांगावे.

खोके मी भिंग लावून वाचले. मागे, बारकोडच्या खाली, 'इंटरनेट आवश्यक' एवढेच आहे. किती, ते नाही. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार बिस्किटाच्या पुड्यावरही निव्वळ वजन छापावे लागते, आणि पाच हजारांच्या या मालाला मोजमापच नाही! जागा पुरत नाही म्हणावे, तर प्लेस्टेशन ५ या गेमयंत्राच्या डिस्कवर १०० जीबीपर्यंत मावते. तरीही २०२२ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' च्या डिस्कवर जेमतेम ७० एमबी निघाले, हे जगजाहीर आहे. हापूसच्या पेटीत आंब्यांऐवजी 'बागेत येऊन उतरवून न्या' अशी चिठ्ठी घालून आम्ही ती वाशीला पाठवली असती, तर दलालाने आम्हाला पुन्हा दारात उभे केले नसते. निन्टेन्डो कंपनीच्या स्विच २ या गेमयंत्रासाठीच्या 'गेम-की कार्डा'तही खेळ नसतो, पण निदान तसे दर्शनी बाजूला छापलेले असते. शिवाय कंपनीने सर्व्हर बंद केला की संपले: मार्च २०२४ अखेर 'द क्रू' हा सर्व्हरवर चालणारा खेळ बंद झाला, तेव्हा पैसे मोजून घेतलेल्या त्याच्या डिस्क घरोघर निरुपयोगी झाल्या.

रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर नव्वद जीबी म्हणजे दोन महिने, तेही सड्यावर जाऊन, कारण घरात रेंज नाही. पावसात झाड पडले की वीज जाते, आणि विजेपाठोपाठ टॉवर. २०११ मध्ये मंजूर झालेल्या, गावोगाव इंटरनेट पोचवण्याच्या फायबर योजनेचे पुढे 'भारतनेट' असे थाटात बारसे झाले. आमच्या ग्रामपंचायतीत तिची पेटी भिंतीवर आहे, तिच्यावर लाल दिवा आहे, आणि दाखले मात्र कुणाच्या तरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर निघतात. सातबारा ऑनलाइन, पीक विमा ऑनलाइन, आता दुकानातून विकत आणलेली वस्तूही ऑनलाइन. जोडणी तेवढी आमची आम्ही पाहायची. कंपन्यांना हे धाडस होते, कारण सरकारनेच आधी ही वाट पाडून दिली आहे.

२०१९ च्या कायद्याने नेमलेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला स्वतःहून चौकशी करता येते. ती करावी. डिस्कवर किती जीबी आहेत आणि किती उतरवावे लागतील, हे किमतीएवढ्याच ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती करावी, आणि तसे छापले नसेल तर सील फोडलेला मालही परत घ्यायला लावावा. उत्तर टपालाने पाठवावे, ही विनंती. पोस्टमन आमच्याकडे अजून येतो.

आपला,
देवगड तालुक्यातील एक ग्राहक