आमचं इंजिन न खोलता वाचवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. चारचौघांत लिहिते आहे, त्यालाही कारण आहे. जुनं विमान सांभाळणाऱ्या सगळ्यांनाच तुमच्यासारखं कुणी भेटत नाही. तुम्ही आम्हाला जे शिकवलंत त्यातलं थोडं तरी त्यांच्यापर्यंत पोहोचावं, असं मला मनापासून वाटतं.

वाचणाऱ्यांसाठी आधी विमानाची ओळख. आमचं विमान म्हणजे पायपर जे-३ कब, १९४६ सालचं. इंजिन कॉन्टिनेन्टल ए-६५. समोरासमोर आडवे बसवलेले चार सिलिंडर, हवेवर थंड होणारे, मिनिटाला २३०० फेऱ्यांना ६५ अश्वशक्ती. बॅटरी नाही, स्टार्टर नाही. प्रोपेलर हाताने फिरवायचा आणि इंजिन सुरू करायचं. १९४७ पर्यंत अशी सुमारे २० हजार विमानं बनली, त्यामुळे माहितीपुस्तकं आणि सुटे भाग अजून मिळतात. या इंजिनांवर हात बसलेली माणसं मात्र दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि खरी पंचाईत तिथे आहे.

एका वार्षिक तपासणीत तीन नंबरच्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन ८० पैकी ५६ भरलं. आम्हाला मिळालेला सल्ला एका ओळीचा होता: चारही सिलिंडर उतरवा आणि नवे बसवा. मालकीत आम्ही चौघं आहोत, आणि चौघांचेही चेहरे उतरले होते. त्याच संध्याकाळी तुम्ही हँगरमध्ये आलात, कागदावरचा आकडा वाचलात आणि एकच विचारलंत, "हवा जाते कुठून?"

तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. या चाचणीत पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये ८० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाची हवा सोडतात, आणि त्यातला किती दाब टिकतो ते दुसऱ्या मीटरवर बघतात. आकडा फक्त गळती आहे एवढं सांगतो. कुठून आहे, ते कानाने शोधावं लागतं. तुम्ही दोघांना प्रोपेलर घट्ट धरायला लावलात, कारण पिस्टन टोकावरून जरा सरकला की तीच हवा प्रोपेलर गर्रकन फिरवते आणि धरणाऱ्याचा हात तुटू शकतो. मग मला म्हणालात, "ये, ऐक." आधी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी कान लावला. तिथे शांत, म्हणजे आत घेणारा व्हॉल्व्ह ठीक. ऑइल भरायच्या नळीशी हलकी कुजबुज होती. पिस्टनभोवतीच्या रिंगांजवळून तेवढी हवा प्रत्येक इंजिनात जाते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं तुम्ही सांगितलंत. एक्झॉस्टच्या नळकांड्याशी मात्र स्पष्ट फुसफुस ऐकू येत होती.

तुम्ही दुसरा प्रश्न विचारलात: मापन गरम इंजिनावर झालं होतं की गार? ते गार इंजिनावर झालं होतं. इंजिन चालवून, गरम असतानाच पुन्हा मोजलं तर ६० आलं. तुम्ही बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीच्या टोकाचा कॅमेरा, आत घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा चेहरा आम्हाला पडद्यावर दाखवलात. मध्यभागी तांबूस, कडेकडे फिकट होत जाणारी गोल वलयं, सगळीकडून सारखी. व्हॉल्व्ह जळायला लागला असेल तर ही गोलाई मोडते. कडेचा एकच भाग वेगळ्या रंगाचा दिसतो, कारण गरम वायू तिथूनच निसटत असतो. आमच्या व्हॉल्व्हवर तसं काही नव्हतं. मग तुम्ही रॉकरचं, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणाऱ्या दांडीचं, झाकण काढलंत आणि हवेचा दाब चालू ठेवून मऊ हातोडीने रॉकरवर बेताने दोन-तीन टोले दिलेत. व्हॉल्व्ह क्षणभर उघडला, हवेचा झोत सुटला आणि तो पुन्हा बसला. फुसफुस निम्म्यावर आली. व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या बैठकीवर काजळीचा किंवा शिशाचा कपचा अडकलेला असणार, असं तुम्ही म्हणालात. "आता उडवा, आणि परत मोजा." परवानाधारक अभियंत्यांनी सगळं स्वतः तपासून तसंच लॉगबुकात लिहिलं. थोड्या उड्डाणांनंतर त्याच सिलिंडरचा आकडा ७२ आला.

काका, आमचा खर्च वाचला याचा आनंद आहेच. पण माझ्या डोक्यात बसलं ते तुमचं नंतरचं बोलणं. सिलिंडर उतरवणं हेसुद्धा जोखमीचं काम आहे, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सिलिंडरच्या बुडाशी असलेल्या बोल्टांपैकी काही क्रँककेसच्या (इंजिनाच्या मुख्य कवचाच्या) दोन्ही अर्ध्यांतून आरपार जातात आणि त्यांच्याच आवळणीवर आतली मुख्य बेअरिंग जागेवर राहतात. ते सैल करून कुणी प्रोपेलर फिरवला तर बेअरिंग जागचं हलू शकतं, आणि मग एका व्हॉल्व्हसाठी उघडलेलं इंजिन आतून बिघडतं. गरज पडली तर उघडायचंच. पण आधी कारण ठाऊक हवं. तुमच्याकडून मी घेतलं असेल तर हे घेतलं.

तो कपचा आला कुठून, हेही तुम्ही फळ्यावर आकडे मांडून समजावलंत. हे इंजिन बनलं ७३ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी. पुढे बराच काळ ८०/८७ ग्रेड मिळत होतं; त्यात लिटरला जास्तीत जास्त ०.१४ ग्रॅम शिसं. १००एलएल या विमानांच्या पेट्रोलमध्ये हीच मर्यादा ०.५६ ग्रॅम आहे, नावात 'लो लेड' असूनही चौपट. कमी दाबाच्या, तुलनेने थंड चालणाऱ्या या इंजिनात ते सगळं शिसं जळून बाहेर पडत नाही. ते व्हॉल्व्हच्या दांडीवर आणि खालच्या प्लगांत साचतं. खालच्या प्लगमधून सुईने काढलेले शिशाचे ते करडे मणी मी डबीत ठेवले आहेत. नव्या माणसाला आधी तेच दाखवते. जमिनीवर इंजिन मंद चालवत उभं राहायचं नाही, प्लग वर-खाली बदलत राहायचे, आणि हातातून पडलेला प्लग कितीही धड दिसला तरी पुन्हा बसवायचा नाही, हे नियम आता आमच्याकडे भिंतीवर लावलेले आहेत.

लॉकवायरचं, म्हणजे नटबोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायच्या तारेचं, शिक्षण तर मी जन्मात विसरणार नाही. तार नटबोल्टला घट्टच ओढणार अशा दिशेने जायला हवी, पिळे इंचाला सहा ते आठ, टोक दुमडून आत वळवलेलं, म्हणजे पुढच्याचा हात फाटत नाही. मी बांधलेली तार तुम्ही कापून टाकायचात आणि रागावलात मात्र कधीच नाही. "या तारेकडे उद्या दुसरं कुणीतरी आरसा धरून बघणार आहे, त्याला एका नजरेत कळलं पाहिजे," एवढंच म्हणायचात. बोल्टांची भाषाही तुमच्याकडूनच आली. विमानाच्या बोल्टवर एएन-४ असं नाव असेल तर तो पाव इंच जाडीचा, कारण तो आकडा इंचाचे सोळावे भाग सांगतो. मागे ए लिहिलेलं असेल तर दांडीला कॉटर पिनचं भोक नाही. आटे सुरू होण्याआधीची दांडीची लांबी जोडाच्या जाडीशी जुळली पाहिजे, आटे जोडाच्या आत भार घेता कामा नयेत.

आता मॅग्नेटोबद्दल. हे मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण यात माणसाचा जीव जातो. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो. त्यांना बॅटरी लागत नाही. फिरले की ठिणगी देतात. स्विच 'बंद' करतो तेव्हा आपण वीज तोडत नाही, उलट एका तारेने मॅग्नेटोचं प्राथमिक वेटोळं इंजिनाच्या अंगाला जोडतो आणि ठिणगी मारतो. ती तार तुटली किंवा सैल झाली, तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. सिलिंडरमध्ये थोडी पेट्रोलची वाफ उरलेली असेल, तर कुणी सहज प्रोपेलर हलवला की इंजिन एक ठोका मारू शकतं. आमच्यासारख्या हाताने प्रोपेलर फिरवणाऱ्यांना तर या धोक्याच्या शेजारीच उभं राहावं लागतं.

तुम्ही सवय लावलीत: उड्डाण संपलं की इंजिन बंद करण्याआधी, अगदी मंद गतीवर, स्विच क्षणभर 'बंद'वर न्यायचा. इंजिन मरायला लागलं पाहिजे. लगेच परत 'दोन्ही'वर. गेल्या पावसाळ्याआधी एकदा आमच्या सहमालकाने ते केलं आणि इंजिन तसंच चालत राहिलं. डाव्या मॅग्नेटोच्या तारेचं टर्मिनल आवरणाच्या आत तुटलेलं निघालं. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे प्रोपेलर आडवा करून ठेवायला हात लावला असता. काका, या एका गोष्टीसाठी तुमचे आभार कुठल्या शब्दांत मानू, मला खरंच कळत नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत तुमचा कडकपणा सुरुवातीला आम्हाला जाचायचा. मूळ वेष्टनातलं, कधीच न वापरलेलं ऑइल सील कुणीतरी देऊ केलं होतं, आणि आमचे सगळे हरखले होते. तुम्ही ते बोटांनी हलकंच वाकवलंत. ओठाला बारीक भेगा पडल्या. रबर डब्यात बसूनही म्हातारं होतं. धातूच्या भागाचंही तेच: कागद नसेल, तो कुठून निघाला आणि कुणी तपासला हे सांगता येत नसेल, तर तो कितीही चकचकीत असो, विमानावर चढणार नाही. याच शिस्तीमुळे आम्ही पंखांच्या तिरक्या आधारदांड्यांच्या नोंदी खणून काढल्या. या दांड्या आतून गंजतात, बाहेरून रंग शाबूत असतो; १९९३ साली अमेरिकेच्या विमान प्रशासनाने त्यांच्या तपासणीची सक्ती केली ती त्यामुळेच. आमच्या दांड्यांची तपासणी झाल्याची नोंद अखेर सापडली, तेव्हा कुठे तुम्ही चहाला बसलात.

आणि ते उभं ठेवणं. हवामान वाईट होतं म्हणून उडत नव्हतो, तेव्हा आमच्यातला एक जण दर रविवारी येऊन प्रोपेलर चार वेळा हाताने फिरवून जायचा, किंवा पाच मिनिटं इंजिन चालवायचा. त्याच्या मनात इंजिनाची काळजीच होती. तुम्ही त्याला जवळ बसवून सांगितलंत की हाताने फिरवल्याने कॅम आणि टॅपेटवर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांवर) उरलेला ऑइलचा थर पुसला जातो, नवा काही चढत नाही. पाच मिनिटांच्या चालण्याने तर ज्वलनातलं पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं. ते उडून जायला ऑइल ८० अंश सेल्सियसच्या आसपास बराच वेळ तापलं पाहिजे, आणि तेवढं ते विमान उडवल्याशिवाय तापत नाही. उडता येणार नसेल तर इंजिनाला हात लावू नका, गंजरोधक ऑइल भरून नीट बंद करून ठेवा. आता आम्ही तसंच करतो. ऑइल दर २५ तासांनी बदलतो, कारण या इंजिनाला कागदी फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. आणि ती जाळी पांढऱ्या फडक्यावर झटकून, लोहचुंबक फिरवून बघितल्याशिवाय परत बसत नाही. लाकडी प्रोपेलरचे बोल्ट ऋतू बदलला की टॉर्क पान्याने तपासतो. लाकूड सुकलं की आकसतं आणि आवळणी ढिली पडते.

तुम्ही यातल्या कशाचाही मोबदला घेतला नाहीत. हँगरमध्ये यायचं, बाकड्यावर बसायचं, आणि पाना आमच्या हातात द्यायचा. माझ्यासारख्या मुलीला "तू लांबून बघ" न म्हणता पहिल्या दिवसापासून रॉकरचं झाकण उघडायला लावलंत, ते मी कुणालाही सांगताना माझा आवाज बदलतो. पुढच्या महिन्यात मी विमान देखभालीच्या परवान्याच्या परीक्षेला बसते आहे. फॉर्मवर प्रेरणा वगैरे लिहायची जागा नसते, म्हणून ते इथे लिहून ठेवते.

तुमच्या वह्या स्कॅन करून झाल्या आहेत, येत्या शनिवारी परत आणून देते. मॅग्नेटोच्या टायमिंगच्या पानावर ऑइलचा डाग पडून शेवटच्या दोन ओळी पुसल्या गेल्या आहेत. त्या तेवढ्या तोंडी सांगाल का? मी पेन घेऊन येते.

आपली नम्र,
तीन नंबरच्या सिलिंडरवाल्यांपैकी एक